कुठल्या प्रसंगाला कुठलं चामडं

दिवसभर उभं राहायचं काम म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून काडीचा उपयोग नाही. चालणारा माणूस दमतो, पण निदान कुठेतरी पोचतो. उभा राहणारा नुसताच दमतो. ताई परफ्युमच्या काउंटरमागे उभी राहायची. मोठं दुकान, गुळगुळीत फरशी, डोक्यावर पांढरेफटक दिवे आणि खुर्ची औषधाला नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, टेकायचं नाही, जांभई तर मुळीच द्यायची नाही. जांभई आली की ताई खाली वाकून खण उघडायची, आत डोकं घालून निवांत जांभई द्यायची आणि एखादी बाटली हातात घेऊन वर यायची. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता.

दुकानातले सगळे तिला ताई म्हणत, वयानं मोठे होते तेसुद्धा. गिऱ्हाइकं मात्र ‘त्या नाकवाल्या ताई कुठायत?’ असं विचारत यायची. एकदा घेतलेला वास ती विसरायची नाही. त्यातही लेदरमध्ये, म्हणजे चामड्याच्या वासाच्या परफ्युममध्ये, तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

आता माणसाला चामड्याचा वास अंगाला लावून हिंडावंसं का वाटतं, हे तिला कधीच कळलं नाही. लहानपणी ती ज्या गल्लीतून शाळेत जायची तिथे कातडी कमावण्याचा कारखाना होता. चुन्याचे हौद, भिजत घातलेली झाडाची साल, वाळत टाकलेली कातडी. तिचे बाबा तिथेच कामाला होते. त्या गल्लीतून लोक नाकाला रुमाल लावून जायचे. आता त्याच लोकांची मुलं सुटाबुटात येऊन तिच्यापुढे मनगट धरत होती, की ताई, जरा चामड्याचं काहीतरी दाखवा! काय बोलणार, कप्पाळ?

ती बोलायची ते ठरलेलं. “उन्हाळ्यात मऊ घ्या साहेब, हातमोज्याच्या आतल्या बाजूसारखं. जड लेदर आणि घाम एकत्र आले की माणूस ओल्या बुटासारखा वास मारतो. पावसाळ्यात कोरडं, तंबाखूच्या अंगाचं. थंडीत धुराचं, जाडजूड. ऑफिसला एकदाच मारा, तेही शर्टाच्या आत. लग्नकार्याला गुलाब घातलेलं आहे. लांबून कळणार नाही, गळ्यात पडेल त्याला कळेल.”

एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, “मला ही भानगड नको. एकच काहीतरी द्या. बारा महिने चालेल, लग्नाला चालेल, मयताला चालेल.”

“मयताला काही लावायचं नसतं, साहेब.”

“का?”

“रडणाऱ्याला शिंक आली तर बरं दिसत नाही.”

गृहस्थ खो खो हसले आणि दोन बाटल्या घेऊन गेले. ताई हसली नाही. हसायचं म्हणजे तेवढीच ताकद जाणार.

या धंद्यात नाकही थकतं. चार-पाच वास झाले की सगळं सारखंच वाटायला लागतं. मग काउंटरवरची माणसं काय करतात, तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला, बाहीत, नाक खुपसतात. आपल्या अंगाचा रोजचा वास आला की नाक ताळ्यावर येतं. म्हणून तर त्यांच्यापैकी कोणी कामावर येताना परफ्युम लावत नाही. ताईच्या बाहीला मात्र अलीकडे घर लागलं होतं. गुडघ्याला चोळायचं मलम, खोकल्याचं औषध, म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण. नाक मोकळं करायला ती बाहीत तोंड घालायची आणि बाबा समोर उभे राहायचे. ती पुन्हा मान वर करून म्हणायची, “हं, बोला साहेब, कुठल्या प्रसंगासाठी हवंय?”

बाबांनी तिला ओळखणं सोडलं ते थंडीच्या तोंडाला. एका संध्याकाळी ती किल्लीनं दार उघडून आत आली, तर बाबा पलंगावर सावरून बसले आणि म्हणाले, “या बाई. कोणाकडे आलात?”

तिला वाटलं, चेष्टा करतायत. पूर्वी फार चेष्टा करायचे. “तुमच्याकडेच,” ती म्हणाली, “जेवायला.”

“मग थांबा जरा. माझी मुलगी येईल एवढ्यात, ती वाढेल.”

तिच्या हातातली भाजीची पिशवी हातातच राहिली.

तेव्हापासून बाबा तिला ‘अहो बाई’ म्हणत होते. जन्म दिलेल्या माणसानं इतक्या अदबीनं बोलावं, हे सोसायला फार वाईट. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. आणि जेवणाचे तर रोजचे हाल. तिनं ताट आणलं की बाबा दोन्ही हात पांघरुणाखाली घालायचे, काही केल्या बाहेर काढायचे नाहीत. भरवायला गेलं की तोंड फिरवायचे. “आत्ता नको. मुलगी आली की जेवू.” मग चादरीला हात घासत बसायचे, नखं खरवडायचे आणि विचारायचे, “बादली कुठाय?” ताई लगबगीनं लघवीचं भांडं घेऊन धावायची. बाबा भडकायचे. “हे काय आणलंत? लाज नाही वाटत?” भांडं घेऊन ती परत फिरायची आणि सकाळपासून उभे असलेले पाय पुन्हा स्वयंपाकघरात उभे राहायचे.

दिवसा बाबांकडे शेजारच्या काकू बघायच्या. त्या म्हणाल्या, “संध्याकाळ झाली की मलाही बादली विचारतात गं. मी न्हाणीघरातली दाखवली, तर म्हणाले, ही नव्हे, बाहेरची. आता बाहेरची कुठून आणू?” डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात हाताला चाळा लागतो, मनावर घेऊ नका. गोळी लिहून दिली. गोळीनं बाबांची झोप वाढली. चाळा होता तिथेच होता.

ताईचं लग्न झालं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, राहून गेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ होता. तो पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकोमुलांसह दीड खोलीत राहायचा. माणूस वाईट नव्हता. सुट्टीच्या दिवशी यायचा, बाबांची दाढी करायचा, गिझर बघायचा. थंडी सरत आली तेव्हा एक दिवस तो दाढीचं सामान धुता धुता म्हणाला, “ताई, आरशात बघितलंस का स्वतःला?”

“दिवसभर आरशांमध्येच उभी असते.”

“चेष्टा नको. मी एक जागा बघून आलोय. वृद्धाश्रम आहे, पण चांगलाय. स्वच्छ आहे, झाडं आहेत, रात्रीची नर्स आहे. त्यांच्याकडे एक पलंग रिकामा होतोय. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बाबांना नेऊ.”

“नेऊ म्हणजे? ते काय मिक्सर आहेत?”

“हे बघ,” भाऊ टॉवेलला हात पुसत म्हणाला, “ते तुला ओळखत असते ना, तर मी तोंड उघडलं नसतं. पण त्यांना तू काय आणि नर्स काय, सारखंच. मग कशासाठी मरतेस?”

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. तिला भावाचा राग यायला हवा होता. पण आतमध्ये कुठेतरी, कोणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखं वाटलं. एक आख्खा रविवार झोपायला मिळेल, असा विचार मनात आला. आणि मग स्वतःची अशी किळस आली की तिनं उगाचच धुतलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

“त्या रविवारपर्यंत थांब,” ती म्हणाली. “तोपर्यंत त्यांनी मला एकदा, एकदा जरी ओळखलं, तर न्यायचं नाही.”

“आणि नाही ओळखलं तर?”

“तर त्यांची बॅग मी स्वतः भरीन.”

त्या आठवड्यात काउंटरवर एक तगडा माणूस आला. दंड असे की बाही फाटेल. ताईनं त्याला धुराच्या लेदरची कागदी पट्टी दिली. त्यानं ती नाकाला लावली आणि त्याचा चेहराच बदलला. “अहो, हे तर आमच्या आजोबांचं दुकान!” तो म्हणाला. “खोगिरं शिवायचे ते. मी गल्ल्याखाली लपायचो.” बघता बघता त्याचे डोळे भरले. एवढा मोठा गडी, पण पट्टी खिशात घालून काही न घेताच निघून गेला. ताई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जो वास एका परक्याला आजोबांच्या दुकानात नेऊन बसवतो, तो बाबांना घरी आणणार नाही? त्यांचं सगळं आयुष्य चामड्यात गेलं होतं.

योगही असा की दुकानात ऋतू बदलायचे दिवस होते. थंडीचं लेदर मागे जातं, उन्हाळ्याचं पुढे येतं, आणि ज्या उघड्या बाटल्या गिऱ्हाइकांना हुंगायला ठेवलेल्या असतात, त्यांतलं उरलंसुरलं कामगारांना वाटून टाकतात. ताई एरवी कधी घ्यायची नाही. या वेळी तिनं सगळं लेदर मागून घेतलं. बाजूच्या काउंटरवरची लिपस्टिकवाली डोळे मिचकावत म्हणाली, “काय ताई, कोणी मिळाला की काय?”

“मिळालाय,” ताई म्हणाली. “एकच अडचण आहे, तो मला ओळखत नाही.”

घरी आल्यावर तिनं बाटल्या कपाटावर मांडल्या आणि विचारात पडली. जन्मभर लोकांना सांगितलं, लग्नाला हे, ऑफिसला ते. बापानं ओळखावं, या प्रसंगाला काय लावायचं? हे कुठल्या कंपनीनं छापलेलं नव्हतं.

पहिल्यांदा तिनं मऊ, उन्हाळी लेदर मनगटाला लावलं आणि बाबांच्या उशाशी बसली. बाबांनी हुंगलं. “पावडर फार लावता हो तुम्ही,” ते म्हणाले. पावसाळी लावलं त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे संशयानं बघितलं. “बाई, तुम्ही विडी ओढता?” गुलाबाच्या लेदरला मात्र ते खूश झाले. “कोणाचं लग्न आहे?” त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, “तुमच्या मुलीचं.” बाबा खुदकन हसले. “छे हो! ती केवढीशी आहे. शाळेत जाते.”  ताई हसली आणि दिवा मालवून बाहेरच्या खोलीत जाऊन पडली. पाय ठणकत होते, पण त्या दिवशी पायांकडे तिचं लक्ष नव्हतं.

धुराचं लेदर तिनं शेवटी ठेवलं होतं. ते सगळ्यांत खरं. डोळे मिटून वास घेतला तर गल्ली, हौद, साल, सगळं समोर उभं राहायचं. पण ते लावलं आणि तरी काही झालं नाही, तर मग हातात काय उरलं? म्हणून ती आज उद्या करत राहिली. शेवटी तो रविवार उजाडला. सकाळीच भावाचा फोन आला, की मित्राची गाडी घेऊन निघतोय. ताईनं बॅग भरली. दोन सदरे, लेंगे, स्वेटर, मलम, बाबांचा तो जुना कंगवा. कंगवा ठेवताना हात थांबला. तिनं बाटली काढली आणि दोन्ही मनगटांवर धुराचं लेदर मारलं. एकदा नाही, चांगलं तीनदा. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर तिनं हात धरला असता.

बाबा कुशीवर झोपले होते. ती वाकली आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागली.

बाबांनी डोळे उघडले. नाकपुड्या हलल्या. आणि कितीतरी दिवसांत जे झालं नव्हतं ते झालं. ते आपले आपण उठून बसले. डोळ्यांत ओळख आली होती, पण तिची नाही. कशाची तरी घाई होती त्यांना.

“अहो बाई, बाजूला व्हा! वाजले किती? बादली कुठाय?”

 पुन्हा बादली. ताई यांत्रिकपणे भांड्याकडे वळली, तसे बाबा ओरडले, “ते नव्हे! बाहेरची, उंबऱ्याबाहेरची! तिची आई भरून ठेवते. वास येतोय बघा केवढा. पोरगी यायची वेळ झाली आणि मी हा असा!”

“पोरगी आली तर काय होतं?” ताईनं विचारलं. 

“काय होतं? अहो, वर्गात तिच्या शेजारी कोणी बसत नाही!” बाबांनी हात पाठीमागे लपवले. “तिनं नाही सांगितलं कधी. तिच्या आईला कळलं. माझ्या हाताचा वास तिच्या फ्रॉकला लागतो. म्हणून आधी बाहेर हात धुवायचे, कपडे बाहेर खुंटीला लावायचे, मग आत यायचं. हात धुतल्याशिवाय मी तिला जवळ घेत नाही.”

ताई पलंगाच्या कडेला बसली. गल्लीला वास होता. कारखान्याला होता. घरात, बाबांच्या अंगाला, चामड्याचा वास कधी आलाच नव्हता. बाबा म्हणजे ओले हात आणि साबण. आख्खं गाव तिला नाकवाली म्हणतं, आणि तिला हे आठवू नये? चार बाटल्या पालथ्या घातल्या तिनं, आणि जो वास धुऊन टाकण्यात या माणसाचं आयुष्य गेलं, तोच आज फासून त्यांच्यासमोर आली. आणि रोज संध्याकाळी ते तिच्यासाठी हात धुवायला बादली मागत होते, तेव्हा ही भांडं घेऊन धावत होती!

“मूर्ख,” ती स्वतःला मोठ्यानं म्हणाली. “मूर्ख बाई.”

“असू द्या,” बाबा समजुतीनं म्हणाले, “पण बादली आणा.”

तिनं न्हाणीघरातली बादली भरली आणि दाराबाहेर, जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली. स्टूल ठेवलं. बाबांना धरून उंबऱ्याबाहेर नेलं. साबण हातात दिला. बाबा हात धुवायला लागले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, कोपरापर्यंत. धुतलं, हुंगलं, मान हलवली, पुन्हा धुतलं. तेवढ्यात भाऊ जिना चढून आला आणि वरच्या पायरीवर थबकला.

“हे काय चाललंय?”

“गप्प बस जरा,” ताई म्हणाली.

बाबांनी ओले हात तिच्यापुढे केले. “तुम्ही बघा बरं. येतोय का? मला माझा कळत नाही.”

ताईनं सवयीनं आधी स्वतःच्या कोपरात नाक घातलं. मलम, औषध, अंथरूण. नाक ताळ्यावर आलं. मग तिनं बाबांचे हात धरले, ओंजळीत तोंड घातलं आणि वास घेतला. साबण होता. पाणी होतं. तिच्या लहानपणीचं घर होतं सगळं.

“नाही येत,” ती म्हणाली.

“खरं सांगा हं.”

“माझा धंदाच आहे तो. काही वास येत नाही.”

बाबांनी केवढा मोठा श्वास सोडला. “मग हाक मारा तिला,” ते म्हणाले.

भावानं त्यांना धरून आत नेलं, पलंगावर बसवलं आणि परत बाहेर आला. ताई स्टुलावर बसून मनगटं घासत होती. धुराचं लेदर सहजी जात नाही. दोन दिवस टिकतं, असं तीच गिऱ्हाइकांना सांगायची. कातडी लाल झाली तरी ती घासत होती.  भावानं वाकून बादलीतला तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी घालायला लागला.

“गाडी परत ने,” ताई म्हणाली.

“पण ओळखलं कुठे त्यांनी तुला?”

“नसू दे. हात धुवायला मागत होते रे रोज. माझ्यासाठी. आपण गोळी देत होतो.”

भावाचा तांब्या थांबला. तो म्हणाला, “आज नको तर नको. पण तू अशी किती दिवस काढणार?”

“काय माहीत. उद्या पुन्हा दमेन तेव्हा विचार.”

तिनं मनगट हुंगलं, साबण पुन्हा लावला, पुन्हा धुतलं. मग पदराला हात पुसले, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि लहानपणी मारायची तशी हाक मारली, “बाबा, मी आले!”

बाबा पलंगावर ताठ बसले होते. दोन्ही हात पांघरुणाच्या वर होते.

“आलीस? ये,” ते म्हणाले. “आज उशीर केलास. वाढ बघू, भूक लागलीय मला.”